टांग्यातली मागची जागा

सकीनाबाई माझ्या गाडीत पहिल्यांदा बसल्या तेव्हा त्यांनी दार तीनदा उघडून तीनदा लावलं. पट्टा ओढून पाहिला. मग विचारलं, "मीनल, तुझं लायसन्स कधीपर्यंत आहे?" मी सांगितलं. "आणि गाडीची मुल्किया?" मुल्किया म्हणजे इथलं गाडीचं नोंदणीपत्र. बाईंना दुबईत येऊन जेमतेम चार महिने झाले होते. अरबी त्यांना येत नव्हतं, पण काळजी करायला लागतात तेवढे शब्द त्यांनी आधी शिकून घेतले होते.

आम्ही देऱ्यात एकाच इमारतीत राहायचो. मी आणि माझा नवरा तिसऱ्या मजल्यावर. बाई चौथ्यावर, मुलगा अन्वर, सून नसरीन आणि नात सना यांच्याबरोबर. अन्वरभाईंचं अल क्वोजला एसीच्या सुट्या भागांचं गोदाम होतं. सना आणि मी एकाच शाळेत शिकवायचो, ती केजीला आणि मी सहावी ते आठवीला सोशल. बाई स्वतः अडतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या. अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यातल्या गावांमधून त्यांच्या बदल्या होत राहिल्या. नवरा, इब्राहिम मास्तर, तेही शिक्षकच. मास्तर गेल्यावर बाई वर्षभर गावी एकट्या राहिल्या, मग अन्वरभाईंनी त्यांना आपल्या व्हिसावर इकडे आणलं. घरात त्यांना अम्मा आणि दादी म्हणत. मी पहिल्याच दिवशी 'बाई' म्हणाले आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुष्कळ दिवसांनी कुणी त्यांना खऱ्या नावाने हाक मारली असावी.

ऐंशी ओलांडलेली बाई. सुती साडी, डोक्यावर पदर, एसीची भीती म्हणून वर सुनेचं स्वेटर. बोलणं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. सना इंग्रजीत उत्तर द्यायची तेव्हा त्या शांतपणे म्हणायच्या, "कळलं. आता मराठीत सांग." सना सांगायची, अडखळत, आणि बाई तिच्या ओठांकडे बघत राहायच्या.

त्यांच्या काळजीला वेळापत्रक होतं. सकाळी गॅस आणि घरातले सगळे पासपोर्ट. दुपारी साडेतीनपासून बाल्कनी, कारण सना आणि मी शाळेतून परत यायचो. चार वाजून दहा मिनिटं झाली की माझा फोन वाजायचा. "कुठे आहात?" "सिग्नलला, बाई." "कुठल्या?" संध्याकाळी अन्वरभाई हायवेवर असायचे, ती तिसरी पाळी. आणि कागद. कागद त्यांना घरात पडलेला चालत नसे. दुकानाची पावती, औषधाची चिठ्ठी, सनाने लिहिलेली सामानाची यादी, काहीही हाती लागलं की त्याचे बोटभर तुकडे करायच्या आणि अर्धे स्वयंपाकघरातल्या डब्यात, अर्धे बाथरूममधल्या डब्यात टाकायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, हे भाजीचं बिल आहे."

"असू दे. लिहिलेलं राहतं, आणि कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही."

मला वाटलं, म्हातारपणचा चाळा.

त्या वर्षी आमच्या गाडीत तिसरा माणूस आला. इम्रान, शाळेत गणित शिकवायला लागलेला नवा शिक्षक. श्रीवर्धनकडचा, तिशीला टेकलेला, देऱ्यात एका खोलीत पाच जणांबरोबर राहणारा. त्याच्याकडे गाडी नव्हती, म्हणून मी त्याला मेट्रो स्टेशनपाशी घ्यायची. महिन्याभरातच मला कळलं की सना मागून आरशात बघते आहे ती केस नीट आहेत का म्हणून नाही. इम्रानही वर्गातल्या गमती मला सांगायचा, पण आवाज थोडा मागे फेकायचा.

मला भीती वाटू लागली. दोघंही सरळ होती, पण अन्वरभाईंनी सनासाठी एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. त्यांच्याच भागातलं कुटुंब, मुलाचा स्वतःचा व्यवसाय, दुबई मरीनात समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट. आमच्या शाळेतही शिक्षकांबद्दल काही कुजबुज झाली की प्रिन्सिपल बोलावून घेत. आणि गाडी माझी होती.

एका दुपारी सनाला घरी सोडायला वर गेले तेव्हा बाईंनी मला बाल्कनीत बोलावलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या गाडीत कोण कुठे बसतं?"

मी म्हटलं, "इम्रान पुढे, माझ्या शेजारी. सना मागे."

"रोज?"

"रोज."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या टांग्यातही असंच होतं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्या काळी खेड्यातली शिक्षक मंडळी लग्नं कशी जुळवायची ते. तिथे आईबापच ठरवायचे, पण शिक्षिका घरापासून लांब, बदलीच्या गावी राहायची. तिला कुणी पसंत केलं तर ते तिच्यापर्यंत पोचायला वाट लागायची, आणि ती वाट शाळेतूनच जायची.

"सरळ विचारायचं नाही," बाई म्हणाल्या. "विचारलं की बोभाटा. आधी मास्तरने काहीतरी शैक्षणिक साहित्य पाठवायचं. तक्ता, नकाशा, मातीची फळं. मुख्याध्यापकांच्या नावाने, शाळेसाठी म्हणून. बाईने ते वर्गात लावलं तर पुढे बोलायला हरकत नाही. आभाराच्या पत्रासकट परत आलं तर विषय संपला. कुणाचा अपमान नाही, कुणाला काही कळलं नाही."

"इब्राहिम मास्तरांनी काय पाठवलं?"

"कुलाबा जिल्ह्याचा नकाशा. मांजरपाटावर, शाईने. नद्या निळ्या केलेल्या. मी तो आठ दिवस ट्रंकेत ठेवला. लावू की नको. रोज शाळेत जाताना काढायची, पुन्हा घडी करून ठेवायची. नवव्या दिवशी लावला. संध्याकाळपर्यंत माझे हात थंड होते. आता वाटतं, नकाशाच तो, भिंतीवर एक खिळा मारायचा होता. पण त्यानंतर मागे फिरता येत नाही, हे मला ठाऊक होतं."

नकाशानंतर टांगा. महिन्यातून एका शनिवारी शिक्षकांची सभा अलिबागला असायची. सकाळची शाळा करून मंडळी दुपारच्या टांग्याने निघायची. पुरुष पुढे, टांगेवाल्याच्या शेजारी. बायका मागे, तोंड उलट्या बाजूला. इब्राहिम मास्तर पुढे आणि सकीना मागे, पाठीला पाठ, मध्ये फळी.

"त्याला येणारा रस्ता दिसायचा, मला गेलेला. दोन तास. लग्नाआधी त्याचा चेहरा मी नीट पाहिला असेल तीनदा. आवाज मात्र कुठेही ओळखला असता."

"आणि बोलायचात काय?"

"हातच्याची वजाबाकी," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "तो विचारायचा, बाई, तुमच्या मुलांना हातचा कसा समजावता? मी सांगायची. मग तो त्याची रीत सांगायचा. टांगेवाल्याला वाटायचं हे शाळेचंच बोलतायत. आम्ही शाळेचंच बोलत होतो. पण माणूस मुलांबद्दल कसं बोलतो त्यावरून सगळं कळतं. पोरांना गाढव म्हणतो का, बायकोला काय म्हणेल, सगळं. माझ्याबरोबर आणखी एक बाई असायची मागे, माझ्याच शाळेतली. एकटीने जायचं नाही, हा नियम होता." इथे त्यांचा सूर एकदम बदलला. "चल, नसरीन चहाला थांबली असेल."

पुढच्याच आठवड्यात बाईंनी घरात जाहीर केलं की त्यांना शनिवारी दुपारी हवा खायची आहे, आणि मीनल नेईल. मला आधी विचारलं नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं, "स्टेशनवरून त्या मुलाला घे."

"बाई, अन्वरभाईंना कळलं तर?"

"त्याची भीती मलाही आहे. पण ही दोघं माझ्या नजरेआड भेटली, तर त्याची भीती जास्त आहे. चल."

असे आमचे सहा शनिवार झाले. इम्रान पुढे, बाई आणि सना मागे. मी खाडीच्या धक्क्याला गाडी उभी करायची, जिथे लाकडी गलबतांवर फ्रिज, टायर, कांद्याची पोती चढत असतात. काचा खाली करून आम्ही कागदी पेल्यातून कडक चहा प्यायचो आणि ती दोघं एकमेकांचा चेहरा न बघता बोलायची. पहिल्या शनिवारी इम्रानला काही सुचेना. बाईच मागून म्हणाल्या, "तुझ्या वर्गात सगळ्यांत मागे राहणारा मुलगा कोण?" तो अर्धा तास त्या मुलाबद्दल बोलला. बाई ऐकत होत्या, डोळे मिटून. परत जाताना लिफ्टमध्ये त्यांनी मला सांगितलं, "पोरगा नीट आहे. त्या मुलाचं नाव त्याने चारदा घेतलं, एकदाही चिडून नाही."

या सहा शनिवारी त्यांची काळजी कमी झाली असेल असं कुणाला वाटेल. उलट वाढली. गाडीतून उतरताना त्या सीटवर हात फिरवून बघायच्या, काही राहिलं तर नाही. चहाचे पेले स्वतः मोजून कचऱ्यात टाकायच्या. सनाला बजावायच्या, "फोनवर काही लिहू नकोस. बोल, पण लिहू नकोस." सना म्हणायची, "दादी, इट गेट्स डिलीटेड." बाई म्हणायच्या, "मराठीत सांगितलंस तरी मला पटणार नाही."

सहाव्या शनिवारी आम्हाला अन्वरभाईंच्या गावच्या एका माणसाने पाहिलं. त्याचं अल क्वोजमध्ये गॅरेज होतं, आणि त्या दिवशी तो धक्क्यावर माल पोचवायला आला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर मला वरून फोन आला. "ताई, जरा वर येता का?" अन्वरभाईंचा आवाज इतका शांत होता की मी चप्पल घालताना अडखळले.

हॉलमध्ये टीव्हीवर बातम्या चालू होत्या. सना सोफ्याच्या कोपऱ्यात, डोळे सुजलेले. नसरीन दारात उभी. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर रुमाल. अन्वरभाई उभेच होते.

"ताई, तुम्ही टीचर आहात," ते म्हणाले. "मुलगी तुमच्या भरवशावर पाठवली. तो मुलगा शाळेच्या टायमाला गाडीत येतो, ठीक है, कलीग है. पण शनिवारी? माझ्या अम्माला फिरवायच्या नावाने? तिला बिचारीला काय कळतंय, कोण कुठे बसलंय ते. हे सगळं तुम्ही जुळवलंत. मरीनावाल्यांना आता मी काय तोंड दाखवू? उद्या मी तुमच्या प्रिन्सिपलला येऊन भेटतो. खलास."

माझा शाळेशी करार त्याच सत्रात संपत होता. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ती म्हातारी या माणसाच्या घरात राहते, याच्या व्हिसावर राहते, हे माझ्या मनात आलं. असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी स्वतःसाठी घाबरले होते. मी बाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. रुमालाला पीळ पडत होता. टीव्हीवरच्या बातम्या संपून जाहिराती लागल्या.

"अन्वर, तो टीव्ही बंद कर," बाई म्हणाल्या.

त्यांनी केला.

"मीनलला काही विचारू नकोस. तिला मी सांगितलं. सहाही वेळा मी सांगितलं. ती फक्त गाडी चालवत होती."

"अम्मा, तू बीच में मत पड."

"मी मध्येच होते. सनाच्या शेजारी बसले होते. तो मुलगा काय बोलला, ही काय बोलली, सगळं मी ऐकलंय. मला कळत नव्हतं असं म्हणू नकोस. मला सगळं कळत होतं. परवानगी माझी होती."

अन्वरभाई आईकडे वळले. मग म्हणाले, "तुला इथलं काय माहीत? हे गाव नाही. उद्या काही झालं तर जवाब मला द्यावा लागतो. तू माझ्या व्हिसावर आहेस, अम्मा."

त्यांना धमकी द्यायची नव्हती. घाबरलेला बापच बोलत होता तो. पण वाक्य खोलीत पडलं ते पडलं. नसरीनने पदर तोंडाशी नेला.

"मार्चपर्यंत," बाई म्हणाल्या. "तारीख मला पाठ आहे. त्यानंतर तुला योग्य वाटेल ते कर."

"तो पाच जणांबरोबर एका खोलीत राहतो."

"तुझा बाप शाळेच्या ओट्यावर झोपायचा. शिक्षक माणूस आपल्या घरात कमी दर्जाचा कधीपासून झाला?"

अन्वरभाई खाली निघून गेले. बाई उठायला लागल्या. मी हात दिला तेव्हा त्यांचा तळवा बर्फासारखा होता.

ते प्रिन्सिपलकडे आले नाहीत. मरीनाच्या लोकांना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ते स्थळ मागे पडलं. आईशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं. सलाम करायचे, औषधं वेळेवर आणायचे, ताटाला हात लावून वरण गरम आहे का बघायचे, पण बोलायचे नाहीत. सना आता शाळेत नसरीनबरोबर टॅक्सीने जायची. बाई साडेतीनला बाल्कनीत उभ्या असायच्याच.

पंधरा दिवसांनी मी त्यांना रक्तदाब तपासायला क्लिनिकमध्ये नेलं. परत आल्यावर तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावली, तर त्या उतरेनात. म्हणाल्या, "एसी चालू राहू दे. थोडं बसू."

मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही बोलला नसता तर माझी नोकरी गेली असती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "एकीचं सगळं गेलं होतं."

मग त्यांनी मला विमलबद्दल सांगितलं. टांग्यात त्यांच्या शेजारी बसणारी, त्यांच्याच शाळेतली दुसरी बाई ती विमल. दोघी एका खोलीत राहायच्या, एका चुलीवर वेगवेगळ्या भांड्यांत रांधायच्या. विमलचं लग्न ठरलेलं होतं, माणगावकडे, घरच्यांच्या पसंतीने. वार्षिक परीक्षेचे पेपर तेव्हा एका शाळेचे दुसऱ्या शाळेत तपासायला जात. इब्राहिम मास्तरांच्या शाळेतून गठ्ठा आणायला त्या वर्षी विमल गेली. गठ्ठ्यात तिसरीच्या पेपरांमध्ये एक चिठ्ठी होती. 'शनिवारी टांगा दोन वाजता. मी पुढे असेन.' खाली नाव नाही, वर नाव नाही.

"ती माझ्यासाठी होती. तो असं कधी लिहीत नसे. ते एकदाच लिहिलं. आणि त्याच दिवशी दिपोटी आमची शाळा तपासायला आले." दिपोटी म्हणजे शाळाखात्याचे तपासणी अधिकारी, त्यांच्या शेऱ्यावर शिक्षकाचं नशीब ठरायचं. "त्यांनीच गठ्ठा सोडला. चिठ्ठी वाचली. विचारलं, गठ्ठा कुणी आणला? विमल म्हणाली, मी. त्यांनी विचारलं, हे कुणाचं? विमल म्हणाली, मला माहीत नाही. मग त्यांनी मला विचारलं, सकीनाबाई, तुम्हाला काही ठाऊक आहे? मी म्हणाले, नाही."

पार्किंगमध्ये एक गाडी वळली, तिचे दिवे बाईंच्या चेहऱ्यावरून गेले.

"आठ दिवसांत तिची बदली झाली. पोलादपूरकडे, डोंगरात, जिथे बाईमाणसाला पाठवत नसत. अशी बदली कशाला होते, ते माणगावच्या लोकांनी ताडलं. लग्न मोडलं. सहा महिन्यांनी माझं झालं. मास्तरला मी हे कधी सांगितलं नाही. त्याला वाटायचं चिठ्ठी मला मिळालीच नाही, वाटेत पडली. चांगला माणूस होता. साठ वर्षं मी त्याच्याबरोबर सुखात राहिले आणि साठ वर्षं मला वाटत राहिलं की आता कुणीतरी येईल आणि गठ्ठा सोडेल."

मी विचारलं, "त्या आहेत अजून?"

"हेच तुला विचारायचं होतं. तुम्ही फोनवर माणसं शोधता ना?"

माझे मामा रायगड जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक. त्यांच्या पेन्शनर मंडळींचा व्हॉट्सॲपवर गट आहे. मी त्यांना नाव आणि पोलादपूर एवढं सांगितलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. विमलबाई आहेत. लग्न केलं नाही. माणगावला भाच्याकडे असतात, कानाने कमी ऐकू येतं, बाकी ठणठणीत. मी बाईंना फोन लावून देते म्हटलं. त्या घाबरून मागे सरकल्या. "फोनवर नाही. हे फोनवर सांगायचं नाही."

मधल्या काळात त्यांनी इम्रानला निरोप धाडला, माझ्यामार्फत: "सनाच्या बापाला भेट. घरी नाही, गोदामावर. घरी तो बाप असतो, गोदामावर दहा माणसांचं ऐकून घ्यायची त्याला सवय आहे." इम्रान अल क्वोजला गेला. अन्वरभाईंनी त्याला दोन तास कॉम्प्रेसरच्या खोक्यांमध्ये उभं ठेवलं, मग चहा मागवला आणि म्हणाले, "इन्शाल्ला, बघू." इम्रानने पडलेल्या आवाजात मला हे सांगितलं. मी बाईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "चहा एक मागवला की दोन?"

"दोन."

"मग तोडलेलं नाही."

फेब्रुवारीत अन्वरभाईंनी आईपुढे व्हिसाच्या नूतनीकरणाचा फॉर्म ठेवला. सात आठवड्यांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अम्मा, इथे सही." बाईंनी फॉर्म वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाल्या, "नको, अन्वर. रागाने नाही. मला माणगावला एक काम आहे." अन्वरभाई पुष्कळ वेळ तो कागद हातात धरून बसले होते, असं नसरीन मला म्हणाली.

त्या मार्चमध्ये भारतात परतल्या. पुढचं मला फोनवरून कळलं. गावी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्या गाडी करून माणगावला गेल्या, एकट्या, आधी न कळवता. मी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं. तिला ऐकू येत नाही ना. शेजारच्यांनी पण ऐकलं असेल."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं, सकीना. नकाशावरचं अक्षर आणि चिठ्ठीवरचं अक्षर एकच होतं. मी म्हणाले, मग तू का नाही बोललीस? तर म्हणाली, मी वाट बघत होते, तू बोलशील म्हणून. चार वाजेपर्यंत वाट बघितली. मग दिपोटींचा टांगा आला आणि ते गेले."

"माफ केलं त्यांनी?"

"ते मी विचारलं नाही. निघताना म्हणाली, पुढच्या गुरुवारी ये. गुरुवारी भाचा घरी नसतो."

बाई दर गुरुवारी जात राहिल्या. सना आणि इम्रानचा निकाह त्याच उन्हाळ्यात गावी झाला. फोटोत बाई पहिल्या रांगेत आहेत, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर एक उंच, पांढऱ्या केसांची, कानामागे तळवा धरलेली बाई बसली आहे, जरा कंटाळल्यासारखी. डिसेंबरात बाई झोपेतच गेल्या. तो बुधवार होता, असं सना म्हणाली.

मला त्या आठवतात त्या मात्र दुबईच्या विमानतळावरच्या. गाडीतून त्यांना मीच नेलं होतं. अन्वरभाई मागच्या सीटवर त्यांची बॅग मांडीवर घेऊन बसले होते. विमानाला पाच तास होते, कारण बाईंना ट्रॅफिकचा भरवसा नव्हता. व्हीलचेअर ढकलणारा नेपाळी माणूस आला तेव्हा त्यांनी त्याचं नाव विचारलं, मग मुलं किती, मग ती शाळेत जातात का. अन्वरभाईंनी वाकून त्यांच्या पायांत मोजे नीट केले. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो थोडा वेळ तिथेच राहिला.

आम्ही काचेच्या अलीकडे थांबलो. पलीकडे रांग होती, माणसं पट्टे आणि घड्याळं काढून ट्रेमध्ये ठेवत होती. बाईंची खुर्ची रांगेत हळूहळू पुढे सरकत होती. वळणापाशी त्यांनी त्या माणसाला थांबवलं आणि मागे वळल्या. त्यांना लांबचं नीट दिसत नव्हतं. त्या आम्हाला शोधत होत्या, गर्दीतल्या एकेका तोंडावर थांबत, भुवया आवळून. अन्वरभाईंनी हात वर केला. बाईंना तो दिसला नाही. मग त्या एका खांबाकडे बघून हसल्या, जिथे आम्ही नव्हतो, आणि हात हलवत राहिल्या.

अन्वरभाईंनी काचेला कपाळ टेकवलं. "इकडे, अम्मा," ते अगदी हळू म्हणाले. "तिकडे नाही. इकडे."